पळसछाया हाइट्स

एका जंगलात कातळपेठ नावाची पेठ होती. तिथले प्राणी जमिनीवर राहत, नाहीतर जमिनीखाली. सशांची बिळे होती, मुंगसांची बिळे होती, दगडाखाली गोमाजी नावाची एक गोम होती आणि बांधाच्या कडेला साळिंदर गुरुजींचे ऐसपैस भुयार होते. उंच म्हणावे असे पेठेत एकच होते, ते म्हणजे मधोमध उभा असलेला पळस. मान वर करून बघण्याजोगे दुसरे काही नसल्यामुळे सगळे समोर बघत, आणि शेजाऱ्याकडे काय शिजते आहे ते सगळ्यांना ठाऊक असे.

पेठेच्या पूर्वेला एक काळा कातळ होता आणि त्याच्या पायथ्याशी वाळू. सूर्य उगवला की ऊन आधी त्या कातळावर येई आणि मावळेपर्यंत तिथेच बसे. या वाळूत सगुणाबाई घोरपड राहत. थंडी सुरू होण्याआधी त्या वाळूत अंडी पुरत आणि वैशाखात पिल्ले वर येत. त्यांच्या आईनेही तिथेच पुरली होती, आजीनेही. घोरपडी अंड्यांवर बसत नाहीत, ते काम त्यांनी पूर्वापार सूर्याकडे दिलेले आहे आणि त्याने कधी खाडा केलेला नाही. नियम एवढाच, की पुरलेले अंडे हलवायचे नाही. हलवले की ते गेले.

त्या वर्षी सगुणाबाईंनी अकरा अंडी पुरली.

आता जंगलाच्या कारभाराविषयी. जंगलात वाघाचे राज्य होते. पूर्वी वाघ जन्माने राजा होत असे. ते मागासलेपणाचे लक्षण आहे असे वाघालाच वाटू लागल्यामुळे त्याने निवडणूक सुरू केली. निवडणूक दर पाच वर्षांनी होई आणि बिनविरोध होई. एकदा एका सांबराने अर्ज भरला होता. छाननीत अर्ज वैध ठरला, सांबर मात्र कुठे सापडले नाही.

तर या वाघाने एका सकाळी फर्मान काढले. जगातली पुढारलेली जंगले उंच झाली आहेत, आपणच तेवढे जमिनीला चिकटून आहोत, हे लाजिरवाणे आहे. म्हणून यापुढे ‘बीळमुक्त जंगल, उंच जंगल!’ फर्मान निघाले त्याच दिवशी दुपारी कातळपेठेत हसरे शेठ हजर झाले. यावरून काही जण म्हणाले की शेठना फर्मान आधीच माहीत होते. मला तसे वाटत नाही. ते त्यांनीच लिहिलेले असावे.

हसरे शेठ तरस होते. तरसांच्या घराण्यात सगळेच हसतात, दुःखातही हसतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना समोरच्याला उगाच बरे वाटते. शेठनी पळसाखाली एक छोटेसे मातीचे वारूळ ठेवले. त्याला चाळीस मजले होते आणि मजल्यामजल्यावर हिरवळ चिकटवलेली होती.

“हे तुमचं घर. हॅ हॅ हॅ,” शेठ म्हणाले. “प्रत्येकाला वर एक बीळ. मोफत.”

“वरती बीळ कसं असेल?” एका सशाने विचारले.

“हवेत असेल. हवेशीर.”

ससे बिळात राहतात ते वरून घारीला दिसू नये म्हणून. चाळीस मजले वर, घारीच्या शेजारी राहायला जायचे म्हटल्यावर ससे एकमेकांच्या मागे दडू लागले. मुंगसांना उंचीची चक्कर येत होती. सगुणाबाईंनी त्या नमुन्याकडे बघितले, मग सूर्याकडे बघितले, मग कातळाकडे. त्यांना चक्कर वगैरे काही आली नाही. त्यांनी फक्त विचारले, “आणि याची सावली कुठं पडणार?”

“सावली ही सुविधा आहे, ताई,” शेठ म्हणाले. “तिचं वेगळं काही लावत नाही आम्ही.”

दुसऱ्या दिवशी पळसाखाली सभा भरली. जंगलात सभेची एक जुनी पद्धत आहे. सभेच्या वाटेवर ओल्या मातीचा पट्टा लिंपतात आणि येणारा प्रत्येक जण त्यात पावले उमटवून पुढे जातो. ती हजेरी. आजोबा-पणजोबांपासून कोणी या पद्धतीबद्दल शंका घेतली नव्हती. हजेरीला कोण घाबरणार? सभेला सगळी पेठ लोटली. मागे राहू नये म्हणून जखमी मुंगूससुद्धा लंगडत आले आणि त्याने चौथे पाऊल हाताने धरून उमटवले.

साळिंदर गुरुजी अध्यक्ष होते. गुरुजी निवृत्त, निःस्पृह, आणि नियम तोंडपाठ असलेले. त्यांनी आयुष्यात कोणाकडून चहासुद्धा फुकट घेतला नव्हता. ते बोलायला उठले.

“बंधू-भगिनींनो, आपला विरोध विकासाला नाही. आपला विरोध विकास इथं होण्याला आहे!”

टाळ्या पडल्या. मग घोषणा झाली, “ऊन आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!” ठराव एकमताने मंजूर झाला की कातळपेठेत टॉवर नको. सगळे खुशीत घरी गेले.

आठ दिवसांनी पळसाच्या खोडावर सूचना लागली. ‘कातळपेठेतील रहिवाशांनी प्रकल्पास भरघोस संमती दिली आहे. रहिवासी तीनशे बारा. उमटलेले ठसे बाराशे सत्तर. संमतीचे प्रमाण चारशे सात टक्के.’

गुरुजी सूचना तीनदा वाचून गेले. “अहो, ती हजेरी होती!” ते नियोजन कार्यालयात जाऊन ओरडले.

नियोजन अधिकारी घुबडसाहेब डोळे मिटून बसले होते, कारण दिवस होता. “ठसा हा ठसा असतो,” ते म्हणाले. “तो काय म्हणून उमटवला हे मातीला कळत नाही.”

“पण चारशे सात टक्के? रहिवाशांपेक्षा संमती जास्त कशी?”

“लोकांचा उत्साह. त्याला आम्ही काय करणार?”

एकट्या गोमाजींचे बेचाळीस ठसे निघाले होते. बिचाऱ्या गोमाजींनी महिनाभर दगडाबाहेर तोंड काढले नाही. पेठेत फक्त चार जणांची संमती नव्हती, धामण मावशी आणि त्यांची तीन भाचरे. त्यांना पाय नव्हते. मावशींना वाटले, आता आपल्यावर सगळ्यांची भिस्त. पण ज्यांचे ठसे नाहीत ते रहिवासी नाहीत, असा खुलासा कार्यालयाने लगेच केला.

“सगुणे,” मावशी त्या संध्याकाळी वाळूवर येऊन म्हणाल्या, “साठ वर्षं मी इथं राहते आणि आज कळलं की मी नाहीच.”

“मग बरंय की,” सगुणाबाई म्हणाल्या. “तुम्हाला कुणी उठवायला येणार नाही.”

मावशी हसल्या. सगुणाबाई हसल्या नाहीत. त्या वाळूवर एक काडी रोवत होत्या. टॉवरचे काम सुरू झाले होते, तीन मजले चढले होते, आणि त्यांची सावली त्या दिवशी मावळतीला जिथवर आली तिथे ही काडी होती. अंडी तिथून चाळीस पावलांवर होती.

गुरुजींनी मात्र हिंमत सोडली नव्हती. त्यांनी नियम पुन्हा चाळले आणि त्यात त्यांना सोन्याची खाण सापडली. कोणत्याही प्रकल्पावर नागरिकांना तीस दिवसांत हरकती नोंदवता येत होत्या! हरकत लेखी हवी, पळसाच्या पानावर हवी आणि प्रत्येक हरकतीला स्वतंत्र पान हवे.

“लेखणी?” कोणीतरी विचारले.

गुरुजींनी पाठीवरचा एक काटा उपटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते थोडे दुखल्यामुळे आणि थोडे अभिमानाने. “ही घ्या लेखणी,” ते म्हणाले.

मग पेठ लिहू लागली. ससे लिहीत होते, मुंगसे लिहीत होती, गोमाजी प्रायश्चित्त म्हणून एका वेळी वीस पाने लिहीत होते. कोणी उन्हाबद्दल हरकत घेतली, कोणी पाण्याबद्दल, कोणी शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दलही घेतली, हाती लेखणी आली म्हणून. रोज सकाळी पानांचा भारा नियोजन कार्यालयाच्या आवक विभागात जाई. आवक विभागात वाळवी होती. वाळवी मोठ्या अदबीने भारा घेई आणि पोच म्हणून एका पानाचा कोपरा कुरतडून परत देई. गुरुजी त्या पोचा जपून भुयारात लावून ठेवत.

टॉवर मात्र चढत होता. सगुणाबाईंनी हरकत घेतली होती ती एकच, अंड्यांवर सावली येईल अशी. तिची दखल घेतली गेली. घुबडसाहेब स्वतः स्थळपाहणीला आले, अमावास्येला. त्यांचा अहवाल दोन ओळींचा होता. ‘प्रस्तावित इमारतीची सावली कोठेही पडत असल्याचे आढळून आले नाही. सर्वत्र एकसारखी परिस्थिती आहे.’

“साहेब, एकदा दिवसा या,” सगुणाबाईंनी विनवले.

“दिवसा आम्हाला दिसत नाही, बाई. कार्यालयाची पद्धत आहे ती.”

तीस दिवस संपत आले तेव्हा एक नवल घडले. हसरे शेठनी स्वतः अर्ज केला की नागरिकांना हरकतींसाठी आणखी तीस दिवस द्यावेत. अर्ज मंजूर झाला. पेठेत गुलाल उधळला.

“शेठ नमला!” गुरुजी म्हणाले. त्यांच्या पाठीवर आता निम्मेच काटे उरले होते. “हा लेखणीचा विजय आहे. लिहा! एकेका बिळातून शंभर हरकती गेल्या पाहिजेत!”

सगुणाबाई काड्या मोजत होत्या. आता वाळूवर काड्यांची एक रांग झाली होती आणि त्या रांगेत काहीतरी विचित्र होते. एखाद्या दिवशी सावली जागची हलत नसे. एखाद्या दिवशी ती एका दमात दोन पावले पुढे येई. सगुणाबाई काही शिकलेल्या नव्हत्या, पण अकरा अंड्यांवर जीव टांगलेला असला की हिशेब आपोआप जमतो. ज्या दिवशी पेठेतून पानांचा भारा जात नसे त्या दिवशी सावली थांबत होती. गुरुजींना ताप आला होता ते चार दिवस काडी एकाच ठिकाणी होती.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई भाऱ्याच्या मागोमाग गेल्या. आवक विभागाच्या पुढच्या दारातून पाने आत गेली. मागच्या दारातून वाळवी रांगेने बाहेर पडली, तोंडात चघळलेल्या पानांचा लगदा घेऊन, आणि थेट टॉवरवर चढली. वाळवी बांधते ती अशीच, चघळून आणि थुंकून. जंगलातली बाकीची झाडे पहिल्या तीन मजल्यांतच संपली होती. वाळवीमागे चढत गेलेल्या सगुणाबाईंना सतराव्या मजल्याच्या भिंतीवर गुरुजींचे अक्षर दिसले. वळणदार होते, ओळखू येत होते. ‘सबब सदर इमारतीस आमची तीव्र ह’ एवढे दिसत होते, पुढे खिडकी होती.

सगुणाबाई धापा टाकत, हरकती पाठवणाऱ्या गुरुजींच्या समितीच्या बैठकीत आल्या.

“गुरुजी, हरकती थांबवा.”

गुरुजींनी हातातला काटा खाली ठेवला.

“आपल्या पानांनीच तो बांधतायत. मी डोळ्यांनी बघून आले. भारा गेला की टॉवर चढतो. तुमचं अक्षर आहे भिंतीला, गुरुजी.”

माणसाला असो वा साळिंदराला, आपले हस्ताक्षर शत्रूच्या भिंतीत आहे हे ऐकणे सोपे नसते. गुरुजींनी चष्मा पुसला.

“सगुणाबाई, बत्तीसशे हरकती झाल्यात. बत्तीसशे! एवढ्या कुठल्याच प्रकल्पाला आल्या नव्हत्या. आणि आता ऐन मोक्याच्या वेळी तुम्ही म्हणता थांबवा?”

“हो. आजच.”

“हे नेमकं कुणाच्या सोयीचं आहे?” मागून एक मुंगूस म्हणाले.

“शेठनं वरचा मजला देऊ केला असेल,” एक ससा म्हणाला.

“किती अंड्यांना किती खोल्या ठरल्या, बाई?”

सगुणाबाईंनी एकेकाकडे बघितले. त्यांतल्या निम्म्या जणांची पोरे त्यांच्या वाळूवर खेळून मोठी झाली होती. मग त्या उठून गेल्या. धामण मावशी तेवढ्या त्यांच्यामागे गेल्या. मावशी अधिकृतरीत्या नव्हत्याच, त्यामुळे समितीत फूट पडल्याचे कुठे नोंदले गेले नाही.

बैठकीने दोन ठराव केले. एक, सगुणाबाईंचा निषेध. दोन, उरलेली सगळी पाने एकाच दिवशी पाठवून सरकारला दणका द्यायचा. पळसावर चढायला खारींना बोलावले. पळसाला पाने तीनच म्हणतात, पण कातळपेठेने त्या दिवशी तीही ठेवली नाहीत. नुकती फुटलेली पालवीसुद्धा ओरबाडली. गुरुजींनी शेवटचा काटा उपटला तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हते. गुलाबी, सुरकुतलेली पाठ घेऊन ते वाऱ्यात थरथरत उभे होते आणि त्यांचा आवाज मात्र खणखणीत होता.

दणका बसला. टॉवर तीन दिवसांत चाळीस मजले पुरा झाला.

सावली शेवटच्या काडीवरून पुढे सरकली आणि वाळूवर पसरली. दुपारचे ऊन थोडेसे उरले होते, तेही गेले. सगुणाबाईंनी वाळूला पोट लावून बघितले. वाळू गार होती. वैशाखाला वीस दिवस होते. त्यांना रडू आले, आणि घोरपडीला रडता येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी कधी घोरपड जवळून पाहिलेली नाही.

मग त्या हसरे शेठकडे गेल्या. आणखी कुठे जाणार?

“ताई, तुमच्या भावना मला समजतात. हॅ हॅ हॅ. अंड्यांचं पुनर्वसन करू. दरीच्या पलीकडं संक्रमण शिबिर आहे.”

“अंडी हलवायची नसतात.”

“तात्पुरती हो. तीन वर्षं फार तर.”

“शेठ, त्यांना फक्त ऊन पाहिजे. वीस दिवस.”

शेठ एकदम गंभीर झाले, म्हणजे थोडे कमी हसले. “ऊन आहे ना! भरपूर आहे. अठराव्या मजल्याच्या वर. पण ते बीळमालकांसाठी आहे, ताई. ती घरं ‘सूर्यमुखी’ म्हणून दिलीत आम्ही, त्यांनी त्या उन्हाचं मोल दिलंय. खाली फुकट दिलं तर त्यांची फसवणूक नाही का होणार?”

सगुणाबाई परत आल्या आणि थंड वाळूवर अंग टाकून पडून राहिल्या. पडून राहण्याखेरीज त्यांच्या हातात काही नव्हते. दिवसभर त्या कातळावर पाठ घासत, अंगात येईल तेवढी ऊब घेत आणि खाली येऊन वाळूला देत. धामण मावशीही वेटोळे घालून पडत. दोघी थंड रक्ताच्या. एका विझलेल्या चुलीने दुसऱ्या चुलीवर भाकरी भाजावी तसा तो उपाय होता, पण त्या करत राहिल्या.

वैशाखात उद्‌घाटन झाले. पळस कधीच वठला होता, म्हणून त्याच्या स्मरणार्थ इमारतीचे नाव ‘पळसछाया हाइट्स’ ठेवले होते. संपूर्ण बांधकाम पानांच्या पुनर्वापरातून झाल्यामुळे तिला हरित इमारतीचे प्रमाणपत्रही मिळाले. दारापुढे नवी ओली माती लिंपली होती. वाघ भाषणाला उभा राहिला.

“मित्रांनो! काही लोक विचारतात, जमिनीवरच्यांचं काय? मी त्यांना सांगतो, माझ्या जंगलात जमिनीवर कुणीच राहणार नाही! हे मी बांधलेलं नाही. हे तुम्ही बांधलंय! ह्याच्या भिंतीभिंतीत तुमचा शब्द आहे!”

हे मात्र अक्षरशः खरे होते, आणि टाळ्याही खऱ्या पडल्या. पेठेतले बरेच जण आता वर राहायला गेले होते. ससे खिडक्या लावून, घारीकडे पाठ करून बसत आणि खाली राहणाऱ्यांना ‘वाळूवाले’ म्हणत. मग लोकसहभागाचा पहिला पुरस्कार जाहीर झाला, सर्वाधिक हरकतींसाठी, साळिंदर गुरुजींना. गुरुजी शाल घ्यायला गेले. ते कोणाला विकले गेले नव्हते. त्यांच्या पाठीला थंडी वाजत होती, एवढेच.

“यापुढं,” वाघ म्हणाला, “समोरच्या वाळूवर आपण ‘पळसछाया टू’ उभारत आहोत. ऐंशी मजले! कुणाची काही हरकत?”

सगुणाबाई वाळूवरून ओरडल्या, “माझी आहे!”

“लेखी द्या,” घुबडसाहेब डोळे मिटून म्हणाले. “पानावर.”

सगुणाबाईंनी इकडे तिकडे बघितले. सगळ्यांनीच बघितले. जंगलात एक पान नव्हते. घुबडसाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि नोंद केली, हरकत आलेली नाही.

तेवढ्यात वाळू हलली. कातळाला अगदी चिकटून पुरलेल्या एका अंड्यापाशी, जिथे दगडाने थोडी ऊब धरून ठेवली होती तिथे, वाळूला भेग पडली आणि बोटभर पिल्लू वर आले. बाकीची दहा आली नाहीत. सगुणाबाई त्या दहा जागांवरून पुन्हा पुन्हा फिरत होत्या, त्यामुळे पिल्लाकडे त्यांचे लक्ष जरा उशिराच गेले.

पिल्लाने ऊन शोधले. दूर, इमारतीच्या दारापुढे, दोन भिंतींच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा पडला होता. ते तुरुतुरु तिकडे धावले आणि कवडशात जाऊन उभे राहिले, चारही पाय ओल्या मातीत रोवून.

वाळवी जवळच होती. तिने ठसे मोजले.

सगुणाबाई धावत आल्या. त्यांनी पिल्लाला पाठीवर घेतले आणि शेपटी फिरवून ती चार पावले पुसून टाकली. सरकारी दस्तऐवज नष्ट केल्याबद्दल त्यांच्यावर तिथल्या तिथे गुन्हा दाखल झाला. तो खटला अजून चालू आहे, कारण प्रत्येक तारीख दिवसा असते आणि घुबडसाहेबांना दिवसा दिसत नाही.

‘पळसछाया टू’चे काम जोरात आहे. त्याला चारशे आठ टक्के संमती आहे.